ड्रोनचं बारसं

मागच्या दिवाळीत भाच्याला ड्रोन भेट दिला. खोकं उघडून झालं, फराळाच्या ताटाशेजारीच त्याची चार पाती बसवून झाली आणि माहितीपुस्तिका माझ्या हातात आली. यॉ, पिच, रोल, गिंबल, होम पॉइंट, जिओफेन्स... मी चष्मा पुसून पुन्हा पहिल्या पानावर गेलो. तेवढ्यात बारा वर्षांच्या भाच्यानं विचारलं, "मामा, टीव्हीवर युद्धात दाखवतात, तोच का हा?" ताई म्हणाली, "छे रे, हे खेळणं आहे." मला मात्र तेवढ्या ठामपणे 'छे' म्हणवेना. त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता पुस्तिकेतले शब्दही हळूहळू कळत गेले, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात नावापासून करू. इंग्रजीत ड्रोन म्हणजे मधमाश्यांमधला नर. सतत चालणाऱ्या गुणगुणीलाही ड्रोन म्हणतात; आपल्या तंबोऱ्याविषयी इंग्रजीत लिहिताना हाच शब्द येतो. त्यामुळे यंत्राला हे नाव त्याच्या आवाजावरून मिळालं असेल, असं मलाही वाटत होतं. पण बारशाची गोष्ट निराळी आहे.

१९३०च्या आसपास ब्रिटिश आरमाराला एक काळजी होती : वरून विमान आलं तर आपल्या जहाजांवरच्या तोफा ते पाडू शकतील का? तालमीसाठी खऱ्या वैमानिकावर गोळे झाडणं शक्य नव्हतं. म्हणून रेडिओच्या संदेशांवर, वैमानिकाशिवाय उडणारी विमानं तयार झाली. आधी 'फेअरी क्वीन' आणि मग १९३५मध्ये डी हॅविलंड कंपनीचं 'क्वीन बी', म्हणजे राणी माशी. टायगर मॉथ या प्रसिद्ध शिकाऊ विमानाचंच हे भावंड. अशी चारशेच्या वर विमानं बनली. त्यांचं काम एकच : वर जायचं आणि गोळे खायचे.

अमेरिकन आरमाराचे प्रमुख अॅडमिरल स्टँडली यांनी ब्रिटिशांचं हे प्रात्यक्षिक पाहिलं आणि मायदेशी परतल्यावर तसंच काही करायची कामगिरी डेल्मर फार्नी या अधिकाऱ्यावर सोपवली. फार्नींनी १९३६मध्ये आपल्या विमानांसाठी 'ड्रोन' हा शब्द वापरला. राणी माशी इंग्रजांची, तर आमचा तिचा नर, असा त्यामागचा मान दिल्याचा भाव असल्याचं सर्वसाधारणपणे मानलं जातं. नराला नांगी नसते, तो मध गोळा करत नाही, आणि राणीशी हवेत मीलन झालं की मरतो. तालमीत पाडण्यासाठीच बनवलेल्या विमानाला याहून चपखल नाव कुणाला सुचलं असतं! म्हणजे 'ड्रोन' हा शब्द लष्करात जन्मला खरा, पण मारणाऱ्याच्या नव्हे, मार खाणाऱ्याच्या रूपात.

यातली गंमत पुढे आहे. अमेरिकन सैन्याला असे ड्रोन हजारोंनी पुरवले ते एका सिनेनटाने. रेजिनाल्ड डेनी हा मूळचा इंग्रज, हॉलीवूडमध्ये काम करणारा नट. त्याला छोटी विमानं उडवायचा नाद. त्या नादापायी त्याने खेळण्यातल्या विमानांचं दुकानच काढलं. त्यातून रेडिओप्लेन ही कंपनी उभी राहिली आणि दुसऱ्या महायुद्धात तिची ओक्यू मालिकेतली छोटी विमानं तोफखान्याच्या सरावासाठी घाऊक प्रमाणात गेली. त्याच काळात डेव्हिड कॉनोव्हर हा लष्करी छायाचित्रकार त्या कारखान्यात गेला आणि तिथे काम करणाऱ्या नॉर्मा जीन नावाच्या तरुणीचे फोटो त्याने काढले. पुढे जग तिला मेरिलिन मन्रो म्हणून ओळखू लागलं. (हा तपशील मी ताईला सांगितला तेव्हा कुठे तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.)

तेव्हा छंदाचं दुकान आणि लष्कराचं गोदाम यांच्यात पहिल्यापासून ये-जा आहे. पुढे लष्कराला 'ड्रोन' हे नाव कमीपणाचं वाटू लागलं आणि नवी नावं आली. १९७०च्या दशकात आरपीव्ही, म्हणजे दुरून चालवलेलं वाहन. नंतर यूएव्ही, म्हणजे मानवरहित हवाई वाहन. त्यात जमिनीवरचं नियंत्रण आणि रेडिओ जोडणीही धरायची म्हणून यूएएस. मग अमेरिकन हवाई दलाने आरपीए हे नाव पुढे केलं : दुरून 'पायलट केलेलं' विमान. हा शब्दांचा खेळ वाटतो खरा, पण नुसता खेळ नाही. 'मानवरहित' म्हटलं की वाटतं, यात माणूसच नाही. माणूस असतो, फक्त विमानात बसलेला नसतो. चूक झाली तर जबाबदार कोण, हा प्रश्न आला की ते 'पायलट' अक्षर महत्त्वाचं ठरतं. मला विचाराल तर या सगळ्यांत प्रामाणिक नाव तेच.

आता पुस्तिकेतल्या यॉ, पिच आणि रोलकडे येऊ. हे तिन्ही शब्द जहाजांवरून विमानात आले. कोकणात कधी मचव्यात बसला असाल तर समजायला वेळ लागणार नाही. लाटेवर नाक वर-खाली होतं तो पिच. कुशीवर डावी-उजवीकडे कलतो तो रोल. आणि सपाट पाण्यावरच तोंड एका बाजूला वळतं तो यॉ. चार पात्यांच्या ड्रोनला हे सुकाणूशिवाय करावं लागतं. पुढे जायचं तर मागच्या दोन मोटारी जोरात फिरतात आणि नाक खाली झुकतं. उजवीकडे सरकायचं तर डावीकडच्या दोन. वळण्याची युक्ती मला विशेष आवडली : कर्णावरच्या दोन मोटारी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, उरलेल्या दोन उलट. एका जोडीचा वेग वाढवून दुसरीचा कमी केला की तोल बिघडतो आणि ड्रोन जागच्या जागी गर्रकन वळतो. (पात्यांच्या बाबतीतही 'पिच' येतो, तो वेगळा : एका फेऱ्यात पातं स्क्रूसारखं हवेत किती पुढे सरकेल, ते अंतर.)

चार पात्यांची ही कल्पना काही आजची नाही. फ्रान्समध्ये १९०७मध्ये ब्रेगे बंधू आणि प्राध्यापक रिशे यांचं चार पंखांचं यंत्र जमिनीपासून जेमतेम दोन फूट उचललं गेलं, तेही चार कोपऱ्यांवर चार माणसांनी धरून ठेवलेलं असताना! १९२४मध्ये एतिएन एमिशाँ याने तसल्याच यंत्रात बसून एक किलोमीटरची फेरी पूर्ण केली. पण तोल सांभाळायला क्षणोक्षणी चारही कोपऱ्यांत फेरबदल करावे लागतात आणि ते माणसाच्या हातांना झेपणारं नव्हतं. ते जमायला जवळजवळ शतक लागलं. तुमच्या-आमच्या फोनमध्ये असतात तसली इवलीशी जायरोस्कोपं स्वस्त झाली तेव्हा हे कोडं सुटलं. २०१०मध्ये पॅरट कंपनीने फोनवरून उडवायचा चार पात्यांचा ड्रोन दाखवला आणि २०१३मध्ये डीजेआयचा फँटम आला. तिथून तो दिवाळीच्या भेटीपर्यंत पोचला.

गिंबल हा या घोळक्यातला एक म्हातारा शब्द. जहाज कितीही हेलकावलं तरी होकायंत्र सपाट राहावं म्हणून ते एकात एक अडकवलेल्या कड्यांमध्ये टांगत, तो गिंबल. आज कड्यांच्या जागी छोट्या मोटारी आहेत आणि होकायंत्राच्या जागी कॅमेरा, पण काम तेच.

होम पॉइंट म्हणजे ड्रोन जिथून उडाला ती जागा. तो ती उपग्रहांवरून नोंदवून ठेवतो आणि संपर्क तुटला की तिथे परत येतो. मे २०००मध्ये अमेरिकेने सामान्य लोकांसाठीचा जीपीएस मुद्दाम अस्पष्ट ठेवणं थांबवलं, त्याचा इथे मोठा उपयोग झाला. सूचना अशी आहे की जागा बदलली तर होम पॉइंट पुन्हा नोंदवा. हे वाचून आपल्यापैकी बऱ्याच जणांना हसू येईल.

आता भाच्याचा प्रश्न. एफपीव्ही म्हणजे डोळ्यांवर चष्मा चढवून, ड्रोनच्या नजरेतून बघत उडवणं. पोरांनी शर्यतींसाठी वाढवलेला हा छंद. २०२२पासून युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंनी त्याच जातीचे ड्रोन स्फोटकं बांधून वापरले. डेनीच्या दुकानातून झालं होतं तेच पुन्हा झालं. म्हणून मी भाच्याला सांगितलं, "हा तोच नाही, पण घराणं एकच." तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे आपण उडवायचा की नाही?"

उडवायचा, पण कायद्याने. अमेरिकेत २५० ग्रॅम किंवा त्याहून जड ड्रोनची नोंदणी लागते, आणि अशा नोंदणीच्या ड्रोनने उडताना आपली ओळख रेडिओवरून सांगत राहायची. त्याला रिमोट आयडी म्हणतात, हवेतली नंबरप्लेटच म्हणा. हलका असो वा जड, छंदासाठी उडवणाऱ्याने ट्रस्ट नावाची छोटी फुकट परीक्षा द्यायची आणि ड्रोन नजरेआड जाऊ द्यायचा नाही. भाचा आणि मी दोघांनी ती परीक्षा एका बैठकीत दिली. उत्तर चुकलं तर तिथेच समजावून सांगतात, त्यामुळे मामाची अब्रू राहिली.

एक गोष्ट मात्र मंडळींनी ध्यानात ठेवावी. भारत सरकारने फेब्रुवारी २०२२मध्ये परदेशी तयार ड्रोन देशात आणायला बंदी घातली. संशोधन, संरक्षण अशा कामांसाठी सवलत आहे, पुतण्या-भाच्यांच्या भेटींसाठी नाही. भाच्याला उन्हाळ्यात आजोबांच्या आमराईचं वरून चित्रण करायचं होतं. बॅग भरताना मी ड्रोन बाहेर काढून ठेवला, तेव्हा तो बराच वेळ माझ्याशी बोलला नाही.