घाट उतरण्याचे दिवस

उन्हाळी सहल म्हणजे थंड हवेचे ठिकाण, हे समीकरण इंदूरच्या जुन्या मराठी घरांनी कधी फारसे मानले नाही. पुण्या-मुंबईकडील मंडळी वैशाखात महाबळेश्वर-माथेरान चढून जात. आपली मंडळी त्याच दिवसांत विंध्याचा घाट उतरून निमाडात जात. साडेपाचशे मीटर उंचीवरचा, दिवसा तापला तरी रात्री सुखद वारा सुटणारा माळवा सोडायचा आणि खाली नर्मदाकाठच्या भट्टीत जाऊन बसायचे, याचे बाहेरच्या पाहुण्याला नवल वाटे. महेश्वर, मंडलेश्वर, बडवाह, ओंकारेश्वर ही आपली उन्हाळ्यातली ठिकाणे. तेथे गारवा हवेत नव्हता, पाण्यात होता. माळव्याच्या लहान नद्या चैत्र सरता सरता आटू लागतात. कंबरभर वाहत्या पाण्यात डुंबायचे तर नर्मदेला पर्याय नव्हता.

तरीही केवळ पाणी हे या सहलींचे पूर्ण कारण आहे, असे आम्हांस वाटत नाही. ज्या वाटांनी आपण सहलीला गेलो त्या वाटा सहलीसाठी झालेल्याच नव्हत्या. त्या होळकरशाहीच्या कामकाजाच्या वाटा होत्या आणि आपली घराणीही बहुतांशी त्याच कामकाजाच्या निमित्ताने या मुलखात आली.

अहिल्याबाईंनी १७६७ मध्ये कारभार हाती घेतला आणि राजधानी नर्मदाकाठी महेश्वरला नेली. पुढची अठ्ठावीस वर्षे राज्याचा कारभार खाली निमाडात आणि राज्याचा मोठा, सुपीक भाग वर माळव्यात, अशी स्थिती होती. कागदपत्रे, खजिना, शिबंदी, यात्रेकरू सारे याच घाटाने चढत-उतरत. महूकडून मंडलेश्वरकडे उतरताना पठाराच्या अगदी कडेवर उभा असलेला जाम दरवाजा १७९१ चा, बाईंच्याच काळातला. अलीकडे पावसाळ्यात तेथे ढग पाहायला तरुणांची झुंबड उडते. दरवाजाच्या माथ्यावरून खाली निमाडाचा जो विस्तार दिसतो तो खरोखर पाहण्यासारखा आहे. पण हे बांधकाम देखाव्यासाठी उभारलेले नाही. माळवा जेथे संपतो व निमाड जेथे सुरू होतो त्या उंबऱ्यावरचे ते नाके आहे. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदुरास आली, तेव्हा महेश्वरच्या कारभारातली माणसेही घाट चढून वर आली. देव, घाट आणि सोयरे मात्र खालीच राहिले. पुढच्या पिढ्यांची ‘महेश्वरची सहल’ ही अनेक घरांत मुळात परतभेट होती, हे विसरून चालणार नाही.

दुसरी वाट लोखंडाची. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंदुरास रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षे. एका संस्थानिकाने साम्राज्याला कर्ज द्यावे, हा प्रसंग आजही वाचताना गंमत वाटते. त्या पैशातून खांडव्याहून इंदूरकडे मीटर गेज मार्गाचे काम सुरू झाले आणि त्याला ‘होळकर स्टेट रेल्वे’ असेच नाव मिळाले. खांडवा-सनावद, मग नर्मदेवरचा पूल, मग घाट अशा क्रमाने १८७८ पर्यंत गाडी इंदुरात पोहोचली. सर्वांत अवघड भाग कालाकुंड ते पातालपाणी. चोरल नदीच्या दरीतून, चार बोगद्यांतून, चाळीस फुटांस एक फूट अशा चढाने रूळ वर येतो. या चढावर एका इंजिनाचे बळ पुरत नसे. मागून दुसरे लावावे लागे. ते लावण्या-काढण्यात जो वेळ जाई, त्या वेळात कालाकुंड स्थानकावर पळसाच्या पानात बांधलेला कलाकंद विकला जाई. गावाचे नाव आणि मिठाईचे नाव यांच्या जवळिकीवर प्रत्येक पिढीतल्या कुणा ना कुणा काकांनी तोच विनोद केला आहे आणि प्रत्येक पिढी त्याला हसली आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इंदुरास रेल्वे आली ती दक्षिणेकडून, म्हणजे आपल्या ‘देशा’कडून. खांडव्याला मुंबईकडून येणारा मोठा मार्ग मिळे. त्यामुळे आजोळ पुण्याला असो, नाशकाला असो की नागपुराकडे, मे महिन्यातला प्रवास याच घाटाने होई. पुढे खांडव्याहून अकोला-पूर्णा असा मीटर गेज दुवा जोडला गेला, तेव्हा हैदराबादच्या मराठी मंडळींशीही आपले नाते याच रुळांवरून जुळले. काचीगुड्याहून जयपुरास जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस येथूनच जाई. सुटीचे पहिले सृष्टिसौंदर्य म्हणून आपल्या मुलांनी जे पाहिले ते खिडकीच्या गजांतून दिसणारे चोरलचे खोरे होते. महू सोडले की मुलांना खिडकीशी घेण्यावरून भांडणे होत. मोठी माणसे फिरकीचा तांब्या व दशम्यांचा डबा सांभाळत, पण बोगदा आला की तीही ओरडत.

पातालपाण्याविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. घरोघरीच्या आठवणींत हा धबधबा मे महिन्यातही धो धो कोसळत असतो. प्रत्यक्षात उन्हाळ्यात तेथे काळ्या कातळावर पाण्याची एखादी रेघ असली तर असते. बहुधा तीही नसते. धबधबा पाहायचा तो श्रावण-भाद्रपदात, दालबाफल्यांच्या बेतासह, ज्याला माळव्यात ‘गोठ’ म्हणतात. मग उन्हाळ्यात लोक तेथे काय पाहत? दरीची खोली आणि टंट्या भिल्लाचे ठाणे. इंग्रजांनी टंट्याला ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपुरास फाशी दिले. त्याचा देह पातालपाण्याजवळ आणून टाकला अशी लोकांची समजूत आहे आणि तेथे त्याचे स्थान आहे. गाडी तेथे क्षणभर थांबे. रेल्वेची माणसे सांगत की घाट उतरण्यापूर्वी ब्रेक तपासण्यासाठी. प्रवासी सांगत की मामाला सलामी दिल्यावाचून गाडी सुखरूप उतरत नाही. दोन्ही कारणे एकाच थांब्यात सुखाने नांदत होती. होळकरांच्या पैशाने बांधलेल्या मार्गावर आपल्या सुशिक्षित घरांतली माणसेही एका भिल्ल बंडखोरापुढे हात जोडत, ही गोष्ट आपल्या संस्थानी आठवणींत क्वचित येते. ती यावी.

मोटारीच्या वाटा तीन. सिमरोल-चोरलवरून भेरूघाट उतरून मोरटक्क्याच्या पुलाकडे जाणारी खांडव्याची सडक. मानपूर-गुजरीवरून उतरणारा मुंबई-आग्रा रस्ता. आणि जाम दरवाजाची. भेरूघाटात भैरवापुढे नारळ फोडून पुढे जाण्याची चालकांची रीत होती. गाडीला पुढे छागल बांधलेली, पहाटे चारला प्रस्थान, उन्हे चढण्याआधी नदी. दुपार धर्मशाळेत किंवा घाटावरच्या देवळाच्या सावलीत काढायची, संध्याकाळी पुन्हा पाण्यात. ‘घाट’ या शब्दाचे दोन्ही अर्थ, डोंगराचा आणि नदीचा, एका दिवसात पायाखालून जात. मांडूचे नाव येथे मुद्दाम घेतलेले नाही. ते धारच्या पवारांकडचे, आणि पावसाळ्याचे.

या सहलीचे कारण पहिल्यांदा सैल झाले ते १९७८ मध्ये. मंडलेश्वराजवळच्या जलूदहून नर्मदेचे पाणी पंपांनी उचलून सुमारे सत्तर किलोमीटर अंतर आणि अख्खा विंध्याचा चढ पार करून इंदुरास आणले गेले. त्याआधी इंदुरातील तरुण, विद्यार्थी, नागरिक यांनी त्यासाठी मोठे आंदोलन केले होते. ज्या नदीसाठी आपण घाट उतरत होतो ती घाट चढून नळाला आली. कृतज्ञता आहेच, पण नदीशी संबंध तेव्हापासून पातळ झाला. पुढे इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर ही धरणे झाली आणि नदीचे वेळापत्रकच बदलले. उन्हाळ्यात नर्मदा उथळ व भरवशाची, हे पूर्वीचे ज्ञान निरुपयोगी ठरले. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातील धाराजी येथे अमावास्येच्या स्नानाला जमलेले अनेक यात्रेकरू धरणातून अचानक आलेल्या पाण्यात वाहून गेले. आजी ज्या पायरीवर नातवंडांना बसवी, त्याच पायरीवर आज प्रथम पाणी सोडण्याच्या वेळा विचाराव्या लागतात. आपल्या नव्या पिढीला ओंकारेश्वराला नेणाऱ्यांनी हे सांगितलेच पाहिजे. जुन्या आठवणींच्या भरवशावर मुलांना पाण्यात सोडू नये.

रुळांची गोष्टही बदलली. गेजबदलासाठी महू ते ओंकारेश्वर रोड ही मीटर गेज गाडी २०२३ च्या सुरुवातीस बंद झाली. चाळीसास एक हा चढ ब्रॉड गेजला मानवत नाही. म्हणून नवा मार्ग लांबचा वळसा घेऊन, मोठ्या बोगद्यांतून घाट उतरण्यासाठी आखला गेला आणि पातालपाणी-कालाकुंडाचा जुना टप्पा त्यातून वगळला गेला. तेवढाच तुकडा वारसा म्हणून राखला आहे. त्यावर २५ डिसेंबर २०१८ पासून पर्यटकांसाठी गाडी सुरू झाली. काचेच्या रुंद खिडक्या, मध्ये धबधब्याशी थांबा. पावसाळ्यात तिला चांगली गर्दी होते. ती पातालपाण्याहून निघते, चारही बोगदे उतरते, कालाकुंडाला थांबते आणि तेथूनच परत फिरते. नर्मदेपर्यंत जात नाही.