हाफटाइमच्या २० मिनिटांत सामना कसा फिरतो? समजून घ्या अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधलं गणित

८ जानेवारी २०१८. अटलांटामध्ये कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना. हाफटाइमला जॉर्जिया १३, अलाबामा ०. अलाबामाचे कोच निक सेबन यांनी मग असा निर्णय घेतला, ज्याची चर्चा आजही होते.

हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात किंवा फेकतात. १५ मिनिटांचे चार क्वार्टर असतात आणि दोन क्वार्टरनंतर हाफटाइम. कॉलेज सामन्यात तो २० मिनिटांचा असतो. व्यावसायिक एनएफएलमध्ये फक्त १३.

ड्रेसिंग रूममध्ये नेमकं काय होतं?

सिनेमात दाखवतात तसं फक्त जोशपूर्ण भाषण नाही. जाण्यायेण्यातच काही मिनिटं जातात. उरलेल्या वेळेत आधी कोच आपापसांत बोलतात. काही सहायक कोच सामना वरच्या बूथमधून पाहतात, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याची मांडणी त्यांना जास्त स्पष्ट दिसते. कोणती चाल चालली, कोणती फसली, समोरचा संघ काय वेगळं करतोय, हे ठरतं. मग खेळाडूंना मोजक्या सूचना मिळतात. नवी योजना शिकवायला वेळ नसतो. सरावात घोटलेल्या चालींमधूनच निवड करायची असते.

सेबन यांनी काय बदललं?

त्यांचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स उत्तम पळायचा. दोन हंगामांत त्याने सुरुवात केलेल्या सामन्यांपैकी अलाबामाने फक्त २ गमावले होते. पण त्या रात्री पहिल्या हाफमध्ये त्याच्या पासवर फक्त २१ यार्ड मिळाले. चेंडू फेकून पुढे सरकता येत नसेल, तर बचाव करणारा संघ सगळी ताकद पळणाऱ्याला अडवायला लावतो.

सेबन यांनी हर्ट्सला बसवलं आणि पहिल्या वर्षाच्या टुआ टॅगोवायलोआला उतरवलं. पासिंग ही त्याची ताकद होती.

बदल म्हणजे जादू नव्हती. टुआचा एक पास जॉर्जियाने पकडला. एका क्षणी स्कोअर २०-७ झाला. पण अलाबामाने २०-२० अशी बरोबरी साधली. ओव्हरटाइममध्ये जॉर्जियाने ३ गुण घेतले. पहिल्याच चालीत टुआ १६ यार्ड मागे ढकलला गेला. पुढच्याच चालीत त्याने डेव्होंटा स्मिथला ४१ यार्डांचा पास दिला. टचडाउन! अलाबामा २६-२३ ने विजेता.

आता हाफटाइमचं महत्त्व कमी झालंय का?

थोडं. २०२४ पासून सर्वोच्च गटातल्या कॉलेज संघांना सामन्यादरम्यान टॅबलेटवर व्हिडिओ पाहता येतात. मैदानातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाजही पोहोचतो. त्यामुळे छोटे बदल दर काही मिनिटांनी होतात. पण सगळ्यांना एकत्र बसवून मोठा निर्णय घ्यायची निवांत संधी हाफटाइमलाच मिळते.

आणि हर्ट्सचं काय झालं?

तो लगेच संघ सोडून गेला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये पुन्हा जॉर्जियाविरुद्धच, जखमी टुआच्या जागी उतरून त्याने अलाबामाला ३५-२८ असं जिंकून दिलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच हर्ट्स फिलाडेल्फिया ईगल्सकडून सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

हाफटाइमचा निर्णय एका सामन्यापुरता असतो. खेळाडूची कारकीर्द त्याहून मोठी असते.