अंदमानची सहल आणि सात आरे

मुलांनी अंदमानची सहल ठरवली आहे. पाच दिवसांच्या बेतात सेल्युलर जेलला एकच तास! मग मी नातीला कागदावर चाक काढून दाखवले. मधे मनोरा, भोवती सात आरे. आज त्यांतले तीनच उरलेत. १९०६ साली पुऱ्या झालेल्या या तुरुंगात प्रत्येक कोठडीसमोर शेजारच्या इमारतीची पाठ. कैद्याला कैदी दिसूच नये. १९११ पासून बाबाराव आणि तात्याराव सावरकर, सख्खे भाऊ, दोघेही इथेच. पण भेटायची मोकळीक नाही.

"म्हणजे दादा तिथेच, पण दिसणार नाही?" नातीने विचारले.

मी वर्षानुवर्षे वर्गात सनावळ्या घोकून घेतल्या. फळ्यावर हे चाक मात्र एकदाही काढले नाही.

आता जेलसाठी अख्खी सकाळ राखली आहे.