खांदेरीचा वेढा आणि गलबतावरील माणसें

वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या सीमेंत असलेल्या यवतमाळ जिल्ह्याचा समुद्राशीं प्रत्यक्ष संबंध कांहींच नाहीं. येथील संशोधकांचें लक्ष साहजिकच पोथ्या, शिलालेख आणि देशमुख-देशपांड्यांचीं दप्तरें यांकडे लागलें. कै. डॉ. य. खु. देशपांडे यांनीं यवतमाळांत राहून महानुभाव वाङ्मयाचा जो परिश्रमपूर्वक शोध केला तो सर्वांस विदित आहेच. परंतु कागद जेथें लिहिला गेला तेथेंच तो राहतो असा नियम नाहीं. लग्नसंबंध, वतनाचे तंटे, चाकरी व स्थलांतर यांच्याबरोबर तोही देशोदेशीं फिरतो. यास्तव किनाऱ्यापासून दूर असलेल्या संग्राहकानेंही दर्याचा कागद हातीं आला असतां तो ओळखिला पाहिजे. या हेतूनें मराठी राज्याच्या किनाऱ्याची राखण लहान गलबतांवरील लोकांनीं कशी केली, त्यांवर हुकमत कशी चालत असे, आणि त्या लोकांची आठवण आज कशांत उरली आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम गलबत म्हणजे काय तें पाहूं. आरमारांत गुराब हें मोठें जहाज आणि गलबत हें लहान. अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानें आंग्र्यांच्या आरमाराचें जें वर्णन दिलें आहे त्यावरून पाहतां गलबत सत्तर टनांहून क्वचितच मोठें असे. त्यास दोन डोलकाठ्या असून मुख्य शीड त्रिकोणी असे. चाळीस-पन्नास वल्हीं चालत, आणि दोनपासून चार पौंडांपर्यंत वजनाचे गोळे फेंकणाऱ्या सहा ते आठ तोफा मोठ्या गलबतांवर असत. वारा पडला म्हणजे हींच गलबतें गुराबांस दोरखंड लावून शत्रूवर ओढीत नेत. शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीस राहून प्रथम त्याच्या डोलकाठ्या व दोर तोडावयाचे, आणि तें पंगु झालें म्हणजे चोहोंकडून गलबतें भिडवून वर चढावयाचें, ही त्यांची रीत होती. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. गुराबाच्या तोफेचें नांव होई, पण ती तोफ ठिकाणावर नेण्याचें आणि अखेरचा हात मारण्याचें काम वल्ह्यावरील मनुष्याचें असे.

या लहान नौकांची कसोटी इ. स. १६७९ मध्यें खांदेरीस लागली. खांदेरी हें थळच्या किनाऱ्यासमोरील लहानसें बेट. तें मुंबई बंदराच्या तोंडापासून दूर नाहीं, व तेथें ठाणें बसल्यास मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांच्याही जाण्यायेण्यावर नजर राहते. त्या वर्षाच्या ऑगस्ट महिन्यांत, म्हणजे पावसाळा पुरता सरला नसतां, शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें मायनाक भंडारी हा सुमारें दीडशें माणसें व चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि तटाचें काम सुरू झालें. इंग्रजांनीं बेट आपलें म्हणून हरकत घेतली व नौका पाठवून वेढा घातला. १९ सप्टेंबर रोजीं थॉर्प नामक अधिकाऱ्यानें बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला, त्यांत तो व त्याचे कांहीं लोक ठार झाले.

यानंतर १८ ऑक्टोबर रोजीं पहांटे नागांवच्या बाजूनें मराठ्यांच्या साठांच्या आसपास नौका एकदम चालून आल्या. इंग्रजांच्या लहान नौकांनीं पळ काढिला, आणि ‘डव्ह’ नांवाची गुराब शीड उतरून शरण आली. मात्र केग्विन व मिंचिन हे ज्या ‘रिव्हेंज’ जहाजावर होते, त्यानें एकट्यानें तोफांचा असा मारा केला कीं मराठी ताफ्यास नागांवच्या खाडीकडे परत फिरावें लागलें. इंग्रजी कागदांत हा दिवस विजयाचा म्हणून नोंदला आहे, आणि उघड्या पाण्यावरील तोफांच्या लढाईपुरतें तें खरेंही आहे. गलबताच्या दोन पौंडी तोफेनें मोठ्या जहाजाशीं समोरासमोर झुंजणें हा गलबताचा धर्मच नव्हे.

परंतु वेढ्याचा निकाल त्या दिवशीं लागला नाहीं. तो पुढें रात्रींमागून रात्रीं लागत गेला. बेटावर माणसें, दाणा व दारूगोळा पोंचणें हाच खरा प्रश्न होता. मोठ्या जहाजास खोल पाणी लागतें, वारा लागतो, नांगर उचलण्यास वेळ लागतो. हलक्या नौकांस यांतील कशाचीच फारशी गरज नाहीं. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यांतून, खडकांच्या आडोशानें, भरती-ओहोटीचा अंदाज घेऊन, वल्हीं मारीत त्या बेटास लागत आणि पहांटेपूर्वीं परत खाडींत शिरत. इंग्रजांचीं जहाजें हें येणें-जाणें थांबवूं शकलीं नाहींत. नोव्हेंबरांत सिद्दी कासीमचें आरमार येऊन मिळालें, तथापि खांदेरी हातीं आली नाहीं. अखेर १६८० च्या जानेवारींत सिद्दीनें शेजारचें उंदेरी बेट आपल्यासाठीं बळकाविलें, आणि इंग्रजांनीं महाराजांशीं सलोखा करून वेढ्यांतून अंग काढून घेतलें. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. दिवसाच्या एका लढाईंत माघार घेणाऱ्या नौकांनींच ती राखिली, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

अशा कामास नुसतें धाडस पुरत नाहीं. एक रात्र जिवावर उदार होणारीं माणसें कोठेंही मिळतात. महिनोन्महिने रोज तोच धोका पत्करणारीं माणसें व्यवस्थेनेंच टिकतात. ती व्यवस्था कशी असावी, याचा उत्तम लेख रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आहे. हा ग्रंथ इ. स. १७१५ च्या सुमाराचा, म्हणजे खांदेरीनंतर सुमारें पस्तीस वर्षांचा असला, तरी तो शिवकालांत अधिकारपदीं वागलेल्या पुरुषाचा आहे. त्यांतील आरमाराच्या प्रकरणाचा आशय पाहतां तीन गोष्टी विशेष दिसतात.

पहिली गोष्ट पोटाची. आरमाराच्या खर्चास मुलखाच्या वसुलांतून निश्चित नेमणूक असावी, बंदराच्या उत्पन्नावर तो भार टाकूं नये, असें अमात्य सांगतात. कारण बंदरावर भार पडला कीं सावकारास उपद्रव होतो, आणि सावकार तुटला कीं बंदर बुडतें. रोजमुरा वेळेवर न पावलेला खलाशी ज्याचें रक्षण करावयाचें त्यालाच लुटूं लागेल, हें त्यांनीं पुरतें ओळखिलें होतें.

दुसरी गोष्ट एकजुटीची. पांच गुराबा व पंधरा गलबतें मिळून एक सुभा करावा, व सर्वांवर एक सरसुभा असावा. गांठ पडली असतां सर्वांनीं मिळून कस्त करावी, वाऱ्याची बाजू राखावी, आणि शत्रु शरण आल्याचें दाखवूं लागला तरी एकाएकीं त्याच्या जवळ जाऊं नये. हा शेवटचा उपदेश मोठ्या अनुभवाचा आहे. शरणागताच्या जवळ गाफीलपणें जाणारें गलबत हें त्याच्या तोफेचें पहिलें भक्ष्य होय.

तिसरी गोष्ट जमिनीवरील वागणुकीची. आगोठीस, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडास, आरमार दरसाल एकाच बंदरांत छावणीस ठेवूं नये, कारण आरमारकरी कितीही धाकांत असले तरी रयतेस थोडाबहुत उपसर्ग झाल्यावांचून राहत नाहीं. लांकडाविषयींही तोच विचार आहे. अरण्यांतील साग हुजूरच्या परवानगीनें तोडावा, परंतु रयतेच्या आंब्या-फणसांस बळानें हात लावूं नये. सागाच्या रानांत वावरणाऱ्या यवतमाळकर वाचकास या आज्ञेचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालें असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें. गलबत उभें करण्यासाठीं रयतेचें झाड बळानें पाडणें हें ज्या राज्यास अन्याय वाटलें, त्याच्या हुकमतीचें स्वरूप यावरून कळून येतें.

हें सर्व असतांही त्या नौका आज कोठें आहेत? फेब्रुवारी १७५६ मध्यें विजयदुर्गावर वॉटसन व क्लाइव्ह चालून गेले, तेव्हां तोफांच्या माऱ्यानें लागलेल्या आगींत तुळाजी आंग्र्यांचें आरमार बंदरांतच जळून गेलें. त्या मोहिमेंत पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते, हें दुःखानें नमूद केलें पाहिजे. जीं लांकडें आगींतून वांचलीं तीं खाऱ्या पाण्यानें व किड्यानें खाल्लीं. दगड मात्र टिकले. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घेतले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग यांचा समावेश आहे. हा गौरव योग्यच होय. तथापि तटाचा गौरव झाला तरी तटापर्यंत दाणा पोंचविणाऱ्याचा होत नाहीं. आज किनाऱ्याची राखण भारतीय तटरक्षक दलाकडे आहे. १९७८ च्या कायद्यानें त्यास स्वतंत्र दलाचें रूप आलें, आणि त्याच्या लहान गस्ती नौकांवरील प्रत्येक माणसाचें नांव दफ्तरीं नोंदलेलें असतें. खांदेरीच्या इतिहासांत मात्र मायनाक भंडारी व दौलतखान हीं दोनच नांवें पुनःपुन्हां येतात. वल्ह्यावरचा कोळी, भंडारी किंवा मुसलमान खलाशी त्यांच्या मागें अंधारांत राहिला आहे.

त्यास उजेडांत आणण्याचें साधन एकच, आणि तें म्हणजे कागद. ज्याच्यासाठीं कोणीं तट बांधिला नाहीं कीं बखर लिहिली नाहीं, त्याचें नांव सांपडलें तर हिशेबांतच सांपडावयाचें. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, जुन्या रुमालांत तांडेल, सारंग, गलबत, शिबाड, मचवा, आगोठ असे शब्द आढळल्यास तो कागद क्षुल्लक जमाखर्चाचा म्हणून बाजूस टाकूं नये. रोजमुऱ्याची यादी, शीड व दोर यांच्या खरेदीचा झाडा, कामास आलेल्या माणसाच्या मुलांस दिलेली बालपरवेशी, हे कागद दिसण्यांत रुक्ष असतात. त्यांत वंशावळीचा डौल नाहीं कीं लढाईचें वर्णन नाहीं. परंतु किल्ल्याचा दगड ज्यांविषयीं मुका आहे, त्यांचीं नांवें याच ओळींत आहेत. असा कागद कोंकणांतच मिळेल असें समजूं नये. तो वऱ्हाडांतल्या एखाद्या माळ्यावरही असूं शकेल, आणि पावसाळा तेथेंही दरसाल येतो.