पडद्याच्या ऑपरेशननंतर मोतीबिंदू का येतो?

"पडद्याचं ऑपरेशन छान झालं म्हणाले, मग दीड वर्षात मोतीबिंदू कसा? डॉक्टरांनीच काहीतरी बिघडवलं असणार." हा संशय बऱ्याच घरांत ऐकू येतो. मला याचं उत्तर इतिहासात सापडलं.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जेल भरलेलं असतं. पूर्वी सर्जन शक्यतो त्याला हात लावत नसत. मग मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी ज्याँ-मारी पारेल यांच्यासोबत एक बारीक यंत्र बनवलं. ते जेल कापायचं, ओढून घ्यायचं आणि त्याच वेळी आत पाणी सोडायचं. सुरुवातीचे प्रयोग झाले अंड्याच्या पांढऱ्यावर! 1970 मध्ये ते यंत्र डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत गेलं आणि विट्रेक्टमी सुरू झाली. पडदा सुटलेल्या कितीतरी लोकांची नजर त्यामुळे वाचली.

पण हे जेल भिंगाला ऑक्सिजनपासून जपत असतं. ते गेलं की भिंगापर्यंत जास्त ऑक्सिजन पोचतो आणि त्याचा गाभा पिवळट, कडक होतो, असं आज मानलं जातं. पन्नाशीपुढच्या बहुतेकांना दोनेक वर्षांत मोतीबिंदू होतो. म्हणजे ही कुणाची चूक नाही.

आता हा मोतीबिंदू काढायचा कसा? 1949 मध्ये लंडनला हॅरॉल्ड रिडली यांनी पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. 1967 मध्ये अमेरिकेत चार्ल्स केल्मन यांनी दातांच्या डॉक्टरकडचं अल्ट्रासाऊंडचं हत्यार पाहून फेको आणलं. दोन्ही शोध विट्रेक्टमीच्या आधीचे, म्हणजे मागे जेल आहे हे धरूनच चाललेले. तो आधार नसला, की फेकोच्या पाण्याच्या दाबाने भिंग एकदम मागे जातं, बाहुली ताणली जाते, पेशंटला दुखतं. मग सर्जन आयरिसची कड हलकेच उचलतात आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो.

डोळ्यात सिलिकॉन तेल असेल तर आणखी एक भानगड. आवाजाच्या लहरींनी डोळ्याची लांबी मोजताना जेलमधला वेग सेकंदाला 1532 मीटर धरतात. तेलात तो हजाराच्या आसपास असतो. हिशोब बदलला नाही तर डोळा उगाच लांब दिसतो आणि भिंगाचा नंबर चुकतो. प्रकाशाने मोजणाऱ्या मशीनमुळे हे बरंच सोपं झालंय.

म्हणून आई-बाबांना किंवा आजोबांना तपासायला नेताना जुनी फाइल नक्की न्या. जेल काढलं होतं का, तेल अजून आत आहे का, हे डॉक्टरांना आधीच कळू द्या. आणि घरच्यांना हेही सांगा, की मोतीबिंदू कितीही छान निघाला तरी नजर किती येणार हे शेवटी पडदाच ठरवतो.

भेटू पुढच्या भागात!