रतीबाचे दूध : ताजेपणा, निर्दोषता आणि शुद्धता

१. व्याख्या

ठरलेल्या घरी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापाने रोज दूध घालणे आणि त्याचे मोल महिनाअखेरीस चुकते करणे, या व्यवहारास रतीब म्हणतात. या व्याख्येत स्थळ, काळ, परिमाण आणि दर असे चार घटक असून चारही स्थिर आहेत. दुकानातून पिशवी विकत आणणे हा रतीब नव्हे, कारण तेथे उद्याचे बंधन दोन्ही पक्षांवर नसते. प्रस्तुत विवेचन नजीकच्या गोठ्यातून घरी येणाऱ्या निरशा, म्हणजे न तापवलेल्या दुधाच्या रतीबापुरते मर्यादित आहे.

अशा दुधाविषयी बोलताना ताजे, चांगले आणि शुद्ध हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. विवेचनासाठी त्यांचे अर्थ पृथक् करणे आवश्यक आहे. (१) ताजेपणा हा दोहनापासून लोटलेल्या काळावर आणि त्या काळातील तापमानावर अवलंबून असणारा गुण होय. (२) निर्दोषता म्हणजे पिणाऱ्यास अपाय करील असे काही दुधात नसणे. (३) शुद्धता म्हणजे कासेतून आलेल्या दुधात बाहेरून काही न मिसळणे आणि त्यातून काही न काढणे. हे तीन गुण परस्परांपासून स्वतंत्र आहेत. नुकतेच काढलेले दूध पाणी घातलेले असू शकते, पाणी न घातलेले दूध शिळे असू शकते, आणि ताजे व शुद्ध दूध रोगी जनावराचे असू शकते. म्हणून प्रत्येक गुणाचे कारण आणि त्याच्या रक्षणाचा उपाय वेगवेगळा शोधावा लागतो.

२. रतीबाचे प्रकार

गोठा आणि उंबरठा यांच्यामध्ये किती हात येतात, या निकषावर चार प्रकार संभवतात. पहिल्यात जनावरच ग्राहकासमोर येते. कोल्हापुरात गंगावेशीतील दूध कट्ट्यावर म्हशी आणून ग्राहकादेखत धार काढली जाते आणि धारोष्ण दूध तेथेच प्यायले जाते. हा रतीब नव्हे, परंतु अंतर शून्य झाल्यास काय होते हे त्यावरून कळते. दुसऱ्या प्रकारात गोठ्याचा धनी किंवा त्याचा माणूस स्वतः दूध घालतो. तिसऱ्यात गवळी अनेक गोठ्यांचे दूध एकत्र करून वाटतो. चौथ्यात एखादा यांत्रिक गोठा दूध थंड करून, बाटलीत बंद करून घरोघर पाठवतो.

हात वाढले की दोन परिणाम एकदम होतात. अनेक जनावरांचे दूध एकत्र आल्यामुळे त्याची रचना एकसारखी होत जाते, आणि त्याच कारणाने दोष कोणत्या गोठ्याचा हे सांगणे अशक्य होत जाते. सातत्य आणि उत्तरदायित्व यांचा हा व्यस्त संबंध पुढील विवेचनाचा आधार आहे.

३. ताजेपणा

दूध कासेतून बाहेर पडते तेव्हा त्याचे तापमान सुमारे ३८ अंश सेल्सिअस असते. जंतूंच्या वाढीस हे तापमान अनुकूल आहे. दुधातील काही नैसर्गिक द्रव्ये आरंभीचे दोन-तीन तास ही वाढ रोखून धरतात; त्यानंतर ती वेगाने होते. पहाटे चारला काढलेले दूध सातच्या सुमारास दारी आले तर ते या अवधीच्या सीमेवर असते. आदल्या संध्याकाळची धार थंड न करता त्यात मिसळली असेल, तर ही सीमा दूध दारी येण्यापूर्वीच ओलांडलेली असते.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, सकाळचे आणि संध्याकाळचे दूध वेगळे येते की एकत्र, हा ताजेपणाविषयीचा पहिला प्रश्न होय. दुसरा असा की, दूध घेतल्यावर तापवण्यात केलेला विलंब हा दोहनानंतरच्या विलंबाइतकाच हानिकारक असतो. चुलीवर चढवताच दूध नासले, तर त्याची आम्लता तापवण्यापूर्वीच वाढलेली होती. दुग्धशाळेतही दूध घेताना अल्प नमुना उकळून हीच परीक्षा केली जाते.

४. निर्दोषता

दुधातून होणाऱ्या अपायाचे दोन वर्ग आहेत : जैविक आणि रासायनिक.

जैविक अपायात क्षय व ब्रुसेल्ला यांचे जंतू प्रमुख आहेत. दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवल्यास हे जंतू नष्ट होतात. पाश्चरीकरण ते हेच. घरी दूध उकळी येईपर्यंत तापवले जाते तेव्हा ही मर्यादा ओलांडली जाते. काही जिवाणूंची बीजके उकळण्यातूनही वाचतात, म्हणून तापवलेले दूध निवल्यावर शीतकपाटात ठेवणे इष्ट. निरसे दूध तसेच पिणे अधिक पौष्टिक, ही समजूत या जंतूंचा विचार करता ग्राह्य ठरत नाही. धारोष्ण दुधालाही हा आक्षेप लागू आहे.

रासायनिक अपायाचे स्वरूप वेगळे आहे. स्तनदाह झालेल्या जनावरास प्रतिजैविक दिल्यास त्याचा अंश काही दिवस दुधात उतरतो. बुरशी लागलेली पेंड किंवा सरकी खाल्लेल्या जनावराच्या दुधात अफलाटॉक्सिनचा अंश येतो. उकळल्याने यांचे पुरेसे निवारण होत नाही. अर्थात घरच्या चुलीचे सामर्थ्य जैविक दोषापुरते मर्यादित आहे. रासायनिक दोषाचे निवारण गोठ्यातच व्हावे लागते.

गोठा जवळ असण्याचे खरे मूल्य येथे प्रकट होते. गोठा जवळ आहे म्हणून दूध निर्दोष ठरत नाही. गोठा जवळ आहे म्हणून तो पाहता येतो. पाहण्याच्या बाबी मोजक्या आहेत : पेंड कोरड्या जागी ठेवली आहे काय, धार काढण्यापूर्वी कास धुऊन पुसली जाते काय, पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात काढून त्यांत गुठळ्या आहेत का ते तपासतात काय, औषध चालू असलेल्या जनावराचे दूध कोठे जाते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर धन्याने विचार न करता दिले, तर तो प्रश्न त्याने स्वतःस आधी विचारलेला आहे असे मानण्यास आधार मिळतो.

५. शुद्धता

शुद्धतेचा निर्णय करताना नैसर्गिक फरक आणि भेसळ यांत भेद करणे अगत्याचे आहे. एकाच जनावराच्या दुधात पहिल्या धारेत स्निग्धांश कमी आणि शेवटच्या धारेत अधिक असतो. दोन दोहनांतील अंतर वाढले की दूध वाढते आणि स्निग्धांशाचे प्रमाण घटते. कॅन ढवळला नाही तर स्निग्धांश वर येतो आणि पहिल्या व शेवटच्या घराला भिन्न दूध मिळते. म्हणून एखाद्या दिवशी साय पातळ आली एवढ्यावरून पाण्याचा आरोप सिद्ध होत नाही.

पाणी मात्र स्निग्धांश व इतर घनपदार्थ या दोहोंना सारख्याच प्रमाणात कमी करते, आणि हेच त्याचे गमक होय. म्हशीच्या ४ लिटर दुधात ७ टक्के स्निग्धांश आणि ९.५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ आहेत असे धरू. त्यात १ लिटर पाणी घातल्यास ही प्रमाणे अनुक्रमे ५.६ आणि ७.६ टक्क्यांवर येतात. म्हशीच्या दुधासाठी स्निग्धेतर घनपदार्थांची किमान मर्यादा ९ टक्के असल्याने असे दूध त्या कसोटीवर उतरत नाही. स्निग्धांश नैसर्गिक कारणांनी बराच बदलतो, स्निग्धेतर घनपदार्थ त्या मानाने थोडे बदलतात. म्हणून पाण्याचा पुरावा दुसऱ्या आकड्यात शोधावा.

लॅक्टोमीटर हे घरोघर परिचित साधन दुधाची घनता मोजते. पाण्याने घनता उतरते, परंतु साय काढल्याने ती चढते. साय काढून नंतर पाणी घातले तर दोन्ही परिणाम एकमेकांस झाकतात आणि वाचन निर्दोष येते. पिष्ट किंवा साखर घालूनही उतरलेली घनता भरून काढता येते. पिष्ट असल्यास तापवून थंड केलेल्या दुधात आयोडीनचा थेंब टाकताच निळा रंग येतो. तात्पर्य, एकट्या लॅक्टोमीटरचा निर्णय अपुरा आहे. त्याच्या जोडीस स्निग्धांशाची परीक्षा हवी, आणि ती गावच्या दूध संकलन केंद्रावरील यंत्रात होऊ शकते.

शुद्धतेचा उपविभाग म्हणून मापाचा उल्लेख आवश्यक आहे. माप चेपलेले असेल किंवा उंचावरून ओतल्याने फेस भरला असेल, तर दूध शुद्ध असूनही कमी मिळते. मापावर वैधमापन खात्याचा छाप असणे आणि फेस बसू देणे, एवढा उपाय येथे पुरेसा आहे.

६. पाण्याचे कारण

पाणी घालणे हा गवळ्याच्या शीलाचा दोष मानला जातो. हे कारण असत्य नाही, पण अपुरे आहे. कारण भिन्न शीलाच्या व्यक्तींकडून एकच दोष वारंवार घडत असेल, तर त्याचे मूळ रचनेत असण्याचा संभव मोठा.

रतीबाचे चारही घटक स्थिर असल्याचे आरंभी सांगितले. परंतु या स्थिर कराराच्या दोन्ही टोकांस अस्थिरता आहे. पुरवठ्याच्या टोकास, व्यायल्यानंतर दीड-दोन महिन्यांत दूध शिखरावर जाते, मग उतरत जाते आणि सुमारे दहा महिन्यांनी जनावर आटते. म्हशी बहुसंख्येने पावसाळ्यात व हिवाळ्यात वितात, म्हणून उन्हाळ्यात दूध तुटते. मागणीच्या टोकास, ग्राहक गावाला जातो आणि दिनदर्शिकेवर खाडा मांडतो. कोजागरीला तोच दुप्पट दूध मागतो. खाड्याच्या दिवशी म्हैस मात्र दूध देतेच. या दोन अस्थिरतांच्या मध्ये स्थिर माप टिकवायचे तर काहीतरी लवचिक हवे. त्यात दर लिटरवर असतो, घनांशावर नसतो. म्हणजे मोजले जाते आकारमान आणि हवे असतात घनपदार्थ. अशा रचनेत सर्वांत स्वस्त लवचिक द्रव्य पाणी होय.

या अस्थिरतेस आजवर तीन उत्तरे दिली गेली.

पहिले उत्तर बदलीचे. मुंबईच्या तबेल्यांत बाहेरून ताज्या व्यायलेल्या म्हशी आणल्या जात आणि भाकड झाल्यावर त्यांतील अनेक कसायाकडे जात. पुरवठा स्थिर राहिला, पण उत्तम दुभत्या जनावरांची वंशहानी झाली. शहरातील तबेले बाहेर नेण्यासाठी १९४९ मध्ये गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली, तिच्या हेतूंत स्वच्छतेबरोबर हा प्रश्नही होता.

दुसरे उत्तर साठ्याचे. सुगीच्या दिवसांतील दुधाची भुकटी करून ती टंचाईत वापरणे, ही दुग्धशाळेची पद्धत. दारा खुरोडी यांच्या नावाशी जोडलेले टोण्ड दूध याच विचारातून आले : म्हशीच्या दुधात पाणी आणि मलईविरहित भुकटी मिसळून ३ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के इतर घनपदार्थ राखायचे. म्हणजे दुग्धशाळाही पाणी घालते. भेद इतकाच की ते जाहीर असते, घनांश भरून काढलेला असतो आणि दर त्यानुसार असतो.

तिसरे उत्तर गवळ्याचे : पाणी घालायचे, पण जाहीर न करता, घनांश न भरता आणि दर न उतरवता. दुसऱ्या व तिसऱ्या उत्तरांची ही तुलना दाखवते की दोषाचे मर्म पाण्यात नसून अप्रकट असण्यात आहे.

७. चौथे उत्तर

साठा करण्याचे सामर्थ्य लहान गोठ्यास नसते आणि बदलीचे उत्तर त्याज्य आहे. तेव्हा अस्थिरता लपवण्याऐवजी ती दोन्ही पक्षांनी वाटून घेणे, हे एकच उत्तर उरते. त्याच्या अटी अशा :

(१) माप ऋतूनुसार असावे. उन्हाळ्यात लिटरऐवजी पाऊण लिटर येईल हे आरंभीच ठरावे. तूट पिशवीच्या दुधाने ग्राहकाने भरावी.

(२) खाडा आदल्या दिवशी कळवावा; न कळवल्यास त्या दिवसाचे मोल द्यावे. आगाऊ कळल्यास गवळ्यास ते दूध संकलन केंद्रावर किंवा हलवायाकडे वळवता येते.

(३) दर लिटरवर असला तरी किमान घनांशाशी बांधलेला असावा. परीक्षा अधूनमधून, पूर्वसूचनेविना आणि दोघांसमक्ष व्हावी. नमुना ढवळलेल्या कॅनमधून घ्यावा, एरवी निष्कर्ष गवळ्यावर अन्याय करणारा ठरेल.

(४) दर इतका असावा की शुद्ध दूध देऊन गोठा चालेल. कडबा, पेंड आणि भाकड काळातील पोषण यांचा खर्च ज्या दरात बसत नाही, त्या दराने शुद्धता मागणे ही पाण्याची मागणी होय.

यांतील दुसरी आणि चौथी अट ग्राहकावर बंधन घालते, पहिली त्याची सोय कमी करते. परिणामी, ताजेपणाची जबाबदारी वेळेवर आणि चुलीवर, निर्दोषतेची गोठ्यावर, आणि शुद्धतेची करारावर येते. पहिल्या दोन जबाबदाऱ्या प्रत्येकी मुख्यतः एका पक्षास पार पाडता येतात. तिसरी मात्र दोघांची आहे. ज्या ग्राहकास वर्षभर एकच माप, एकच दर आणि मुक्त खाडे हवे आहेत, त्याची गरज पिशवीतील प्रमाणित दूध अधिक प्रामाणिकपणे भागवते. गोठ्याचे दूध त्याने घ्यावे, ज्यास जनावराचे वेळापत्रक मान्य आहे.