बोरीचे रान आणि विसरलेली आग

इंदूरहून बैतूलकडे जाणारा रस्ता कन्नौद, खातेगांव करीत नेमावरला नर्मदेच्या काठावर उतरतो. खातेगांव-नेमावरचा हा मुलूख संस्थाने विलीन होईपर्यंत होळकरांचा होता, म्हणजे आपल्या मराठी माणसाला अगदीच परका नव्हे. नदीपलीकडे हंडिया. तिकडे इंग्रजांचा मध्य प्रांत. त्या बाजूने पूर्वेला सातपुड्यात शिरले की तवा नदीच्या खोऱ्यात बोरीचे रान लागते. १८६५ साली राखीव झालेले हे रान देशातले सर्वांत जुने राखीव जंगल म्हणून ओळखले जाते.

त्याआधी सातपुडा दर उन्हाळ्यात पेटायचा. डोंगरच्या डोंगर जळत. मोहाची फुले वेचायला खालची जमीन साफ हवी, गुरांना कोवळे गवत हवे, म्हणून गोंड-कोरकू लोक पाचोळा पेटवीत. शिवाय त्यांची दहिया शेती. झाडे तोडायची, वाळवायची, पावसाआधी जाळायची आणि राखेत कोदो-कुटकी पेरायची. आपल्याकडची कुमेरी म्हणजे तिचीच बहीण. काणकोण-सांग्यातल्या जुन्या माणसांना वेगळे समजावून सांगायला नको.

पण वणव्याला आणखी एक हात होता. मुंबई-जबलपूर रेल्वे १८७० मध्ये पुरी झाली. तिच्या स्लीपरांसाठी ठेकेदारांनी सागवान सपाट केले. तोडलेले ओंडके रानात पडून राहत आणि वणव्यात जळत, असे त्या वेळचा वनाधिकारी जेम्स फॉर्सिथ याने नोंदवले आहे. एवढे असूनही आगीचा आरोप राहिला तो मात्र आदिवासींवरच.

मध्य प्रांताच्या जंगल खात्याचा प्रमुख जी. एफ. पिअर्सन याने १८६०च्या दशकात बोरीत जाळरेषा काढल्या, राखणदार ठेवले आणि रान वणव्यापासून वाचवून दाखवले. मोठ्या जंगलात आग रोखता येते हे त्यातून सिद्ध झाले आणि ती पद्धत देशभर गेली. वनशास्त्राच्या पुस्तकांत बोरीचे नाव येते ते या यशासाठी.

ही जमीन सरकारकडे आली कशी, ही गोष्ट मात्र मागे पडली. ऑक्टोबर १८५८च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात आले. इथला राजा भभूतसिंह इंग्रजांविरुद्ध उभा राहिला, पुढे पकडला गेला आणि १८६० मध्ये जबलपूरला त्याला मृत्युदंड झाला. त्याचे रान जप्त झाले. बोरी त्याच रानातली. म्हणजे आधी राजा गेला, मग जमीन गेली आणि शेवटी प्रजेच्या हातातली आगकाडीही गेली. १८७८च्या आणि नंतर १९२७च्या वन कायद्याने राखीव रानात आग लावणे गुन्हा ठरला. वर आग लागली तर ती विझवायला धावणे हेही गावकऱ्यांवर बंधनकारक!

मी सरकारी कारकून. तक्त्यांशी माझा रोजचा संबंध. जंगल खात्याच्या वार्षिक अहवालांत राखलेले क्षेत्र, जळलेले क्षेत्र, खर्च आणि कारण असे रकाने असत. पण कुठल्या महिन्यात, कुठल्या वाऱ्यावर, किती पाचोळा जाळावा हे ज्यांना ठाऊक होते त्यांच्या ज्ञानासाठी रकाना नव्हता. ज्याला रकाना नसतो ते कागदावर उरत नाही, आणि जे कागदावर उरत नाही ते दोन पिढ्यांत विसरले जाते, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

गंमत म्हणजे पुढे वनाधिकाऱ्यांनाच शंका येऊ लागली. आग पूर्ण बंद केलेल्या ब्रह्मदेशातल्या रानांत सागाची नवी रोपे नीट वर येईनात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे काही ठिकाणी अग्निरक्षण सोडून द्यावे लागले. इकडे १९२१ मध्ये कुमाऊँत लोकांनी रागाने राखीव रानेच पेटवली. मनाई केलेली आग आता निषेध बनून परत आली होती.

मार्च २०२३ मध्ये आपल्या म्हादई अभयारण्यात वणवे लागले, हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतायला आली, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता : आग लावली कोणी? प्रश्न योग्यच होता. आजचे उन्हाळे पाहता कुणीही उठून काडी लावावी असे मी म्हणणार नाही. पण रानातला पाचोळा वेळेवर कमी करणारी माणसे कुठे गेली, हेही त्याच दमात विचारायला हवे होते.

सातपुडा व्याघ्र प्रकल्पातून धाईंसारखी अनेक गावे बाहेर वसवली गेली. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेश मंत्रिमंडळाची बैठक पचमढीत झाली आणि पचमढी अभयारण्याला राजा भभूतसिंहाचे नाव देण्याचे जाहीर झाले. चांगलेच झाले. राजाचे नाव निदान पाटीवर तरी परत येईल. त्याच्या प्रजेला आग पेटवायची कशी आणि विझवायची कधी हे दोन्ही ठाऊक होते. ते मात्र पाटीवर लिहून परत येणारे नाही. ज्यांना अजून आठवते त्यांना विचारायला हवे, ते आहेत तोवर.